विलापासाठी मयत पाहिजे

त्या फेब्रुवारीत आमच्या गावात कुणी मरायलाच तयार नव्हतं.

एरवी ग्रीसच्या या दक्षिण टोकाला, आमच्या मानीत, हिवाळा दोन-तीन म्हाताऱ्यांना बरोबर घेतल्याशिवाय जात नाही. समुद्रावरून असा वारा सुटतो की आमच्या दगडी बुरुजांच्या घरांनाही सांधेदुखी व्हावी. त्या वर्षी गावात एकतीस माणसं होती, त्यातली सव्वीस सत्तरी ओलांडलेली, आणि एकालाही साधा ताप येईना. ही खरं तर आनंदाची गोष्ट. पण दनाई नावाची एक मुलगी तीन आठवडे माझ्या कॉफीच्या दुकानात मयताची वाट बघत बसली होती, आणि तिचा चेहरा बघून गावालाच अपराधी वाटायला लागलं होतं.

दनाई अथेन्सहून आली होती, जुनी गाणी जपणाऱ्या कुठल्याशा संस्थेकडून. तिला आमच्या बायकांचा विलाप ध्वनिमुद्रित करायचा होता. मयताभोवती बसून आमच्याकडच्या बायका जे गातात, ते. ते कुठं लिहिलेलं नसतं. जी पुढं बसते ती त्या माणसावर तिथल्या तिथं रचते, त्याचं सगळं आयुष्य, बरं आणि वाईट, आणि बाकीच्या मागून सूर ओढतात. रचू शकणारी गावात आता एकच उरली आहे, माझी गारुफालिया मावशी, वय चौऱ्याऐंशी. मी मागून ओढणाऱ्यांतली. माझ्या आवाजाबद्दल कधी कुणी तक्रार केली नाही, पण मेलेल्या माणसाची तक्रार ऐकतो कोण.

"सगळ्यांसाठी खुलं करायचंय, लिगेरीबाई," दनाई मला पहिल्या दिवशी म्हणाली. "ज्यांना ग्रीक येत नाही त्यांच्यासाठी खाली अक्षरं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी वर्णन. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी हातांची भाषा."

हातांच्या भाषेसाठी तिनं फीवोस नावाचा एक चाळिशीचा, टकला, अबोल गृहस्थ बरोबर आणला होता.

"आणि ज्याच्यावर गायचं त्याच्यासाठी?" कोपऱ्यातून म्हातारा लियास म्हणाला. "सगळ्यांसाठी म्हणतेस, तर त्यालाही ऐकू येण्याची काही सोय बघ. आजवर त्याच बिचाऱ्याला कधी कळलेलं नाही."

दनाईनं ते वहीत लिहून घेतलं. ती सगळंच लिहून घ्यायची.

मग ती मावशीकडे गेली. मावशीनं तिला बसवलं, संत्र्याच्या सालीचा मुरंबा आणि गार पाणी पुढं ठेवलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मेलंय कोण?"

"कुणी नाही, आजी. नमुन्यादाखल थोडंसं म्हणालात तरी चालेल."

"नमुना? हे काय कापड आहे, वीतभर फाडून दाखवायला?"

आमच्याकडे असं मानतात की रिकाम्या खोलीत विलाप म्हटला तर तो मयत शोधायला घराबाहेर पडतो आणि कुणाला तरी घेऊनच येतो. दनाईनं खूप समजावलं. ही गाणी तुमच्याबरोबर जातील आजी, पुढच्या पोरींना काय राहील, आजी. मावशीनं मुरंब्याची बशी उचलली. "मयत आण, मी गाते," ती म्हणाली. "मयताशिवाय नाही."

तेव्हापासून दनाई माझ्याकडे मुक्कामाला होती. वाईट मुलगी नव्हती. पण गावात कुणी खोकलं की तिची मान वळायची, आणि ते लोकांच्या लक्षात यायला लागलं. दुसऱ्या आठवड्यात लियासच्या छातीत कफ झाला. दनाईनं खरोखरीच्या काळजीनं कोंबडीचं सूप केलं, लिंबू पिळून, अंडं घालून, आणि सलग तीन दिवस त्याला नेऊन दिलं. चौथ्या दिवशी लियास लाकडं फोडताना दिसला. "ती पोरगी रोज येऊन माझ्याकडे अशी बघायची," तो म्हणाला, "की म्हटलं उठलेलं बरं." पाद्रीबाबांनी रविवारी सांगितलं की दुसऱ्याच्या मरणाची वाट बघणं पाप आहे. त्यानंतर ते माझ्याकडे कॉफी प्यायला आले आणि कुणाचं वय किती याची बोटांवर उजळणी करत बसले.

चौथा आठवडा लागला. शनिवारी दनाईला परत जायचं होतं. बुधवारी दुपारी ती पिशवी आवरत होती, आणि पत्ते खेळत बसलेल्या माझ्या झानेतोस मामानं हातातले पत्ते टेबलावर पालथे टाकले.

"आवरू नकोस," तो म्हणाला. "मी मरतो."

इथं मामाबद्दल सांगायला हवं. झानेतोस मामा हा गारुफालिया मावशीचा सख्खा धाकटा भाऊ, वय एक्क्याऐंशी. माझी आई त्यांच्या मधली, ती आता नाही. दोघांची घरं समोरासमोर, मधे एक गाढव जाईल एवढी गल्ली, आणि दोघं सेहेचाळीस वर्षं एकमेकांशी बोललेली नाहीत. जो काय संवाद तो माझ्या तोंडून. "त्याला सांग, त्याची कोंबडी माझ्या ओट्यावर घाण करते." मी गल्ली ओलांडून सांगायचं. "तिला सांग, ओट्यावर तिचं नाव लिहून ठेव म्हणावं, कोंबडी वाचून परत फिरेल." मी पुन्हा गल्ली ओलांडायची. लहानपणापासून हेच करत आले. मला वाटतं माझं लग्न मोडलं त्यालाही थोडंफार हेच कारण असावं, मी घरी कधी नसायचेच.

भांडण झालं ते आजोबांच्या विलापात. मी तेव्हा बारा वर्षांची होते, आईच्या मांडीला टेकून बसलेली. मावशी गात होती. आजोबांनी ऑलिव्हचं रान, बुरूज, विहीर सगळं मुलाला दिलं आणि मुलींच्या हातात एकेक घागर ठेवली, असं ती गात होती. खोटं काहीच नव्हतं. पण बाहेर अंगणात चार गावांचे पुरुष बसलेले, आणि खिडकी उघडी. मामा आत आला. आमच्याकडे विलाप चालू असताना पुरुष आत येत नाहीत. तो आला, आणि त्यानं मावशीच्या तोंडावर हात ठेवला.

विलाप मधे कुणी तोडत नाही. मेलेल्याच्या तोंडातला घास काढून घेण्यासारखं आहे ते. मावशीनं त्याचा हात बाजूला केला, आजोबांचा चेहरा झाकला, उठली आणि म्हणाली, "तुझ्या मढ्यावर मी तोंड उघडणार नाही." त्यानंतर ती त्याच्याशी एक शब्द बोललेली नाही.

आणि मानीत विलापाशिवाय पुरलं जाणं म्हणजे काय, हे मी कुणाला समजावून सांगू शकणार नाही. कुत्र्यालाही कुणी तरी हळहळतं. मामाची बायको गेली, मुलगा मेलबर्नला. दारू जास्त झाली की तो मला सांगायचा, "लिगेरी, मला खड्ड्याची भीती नाही. पण मी त्या खोलीत पडलेला असेन आणि सगळ्या बायका माझ्याभोवती गप्प बसलेल्या असतील, नुसत्या चहूकडून बघत. ते मला सहन होणार नाही." मेल्यावर सहन करायचं काय असतं, असं मी म्हणायचे. पण मला त्याची फार दया यायची.

तर मामा म्हणाला, मी मरतो. म्हणजे मेल्यासारखा पडतो. दनाईचे डोळे चमकले आणि मी शाल घेऊन मावशीकडे निघाले, कारण पुढचं काम कुणाचं ते मला ठाऊक होतं.

"माझी शपथ आहे," मावशी म्हणाली. ती मसूर निवडत होती. "त्याच्या मढ्यावर मी तोंड उघडणार नाही. हे त्यालाही माहीत आहे."

मी गल्ली ओलांडली. मामा माझ्या मागोमाग येऊन आपल्या दारात उभा होता. "तिला विचार, मी मेलोय का?"

"मेला नाही ते दिसतंय मला," मावशी म्हणाली.

"मग मढं कुठाय?" मामा म्हणाला. "आणि मढं नाही तर शपथ कशी मोडते?"

"मढं नाही तर विलाप कशावर करायचा?" मावशी म्हणाली. "त्याला म्हणावं, एक काय ते ठरव."

"तिला सांग, त्या मुलीच्या यंत्रापुरता मी मेलोय, आणि तिच्या शपथेपुरता जिवंत आहे."

बाहेर वारा असा होता की शाल धरू का स्कर्ट, अशी गत. चौथ्या खेपेला मी दोघांच्या मधोमध गल्लीतच उभी राहिले आणि म्हणाले, की दोन्ही खिडक्या उघड्या आहेत, दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येतंय, मला आता न्युमोनिया होईल आणि मग दनाईला खरंच मयत मिळेल. तरी दोघं माझ्याकडेच बघत राहिली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि इथं मरायलाही कुणी खरं तयार नव्हतं.

मावशीनं मसुराचं ताट खाली ठेवलं.

"त्याला दोन गोष्टी सांग," ती शेवटी म्हणाली. "जिवंत माणसावर विलाप पुरा झाला तर तो माणूस चाळीस दिवस काढत नाही. माझ्या आजीनं डोळ्यांनी बघितलंय. ती एक. आणि मेलेलं माणूस मधे बोलत नाही. त्यानं एक शब्द काढला तर मी उठून जाईन, आणि मग शपथ ती शपथ. पुन्हा त्याचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही, मेल्यावरही."

मी मामाच्या खिडकीकडे वळले. मामाचा चेहरा पांढरा पडला होता. "तिला सांग, चालेल," तो म्हणाला.

गुरुवार तयारीत गेला. दनाईकडे संमतीचा कागद होता. त्यावर मृताचं नाव, मृत्यूची तारीख आणि वारसाची सही अशा तीन जागा होत्या. नाव मामानं लिहिलं. तारखेपाशी अडला. "शुक्रवार लिहा, सकाळी दहा," दनाई म्हणाली. वारस मेलबर्नला, म्हणून वारसाची सहीही मामानंच केली, आणि वर म्हणाला की आपल्यामागे आपलं सगळं आपल्यालाच मिळालं तर चांगलंच आहे, निदान भांडणं तरी होणार नाहीत. पाद्रीबाबांनी स्वच्छ सांगितलं की जिवंत माणसाच्या उशाशी मेणबत्ती लावणं चर्चला मान्य नाही. ते स्वतः मात्र अंगणात खुर्ची टाकून बसणार होते, हवा चांगली असली तर. हवा भयंकर होती. ते नऊलाच येऊन बसले.

शुक्रवारी मामाला त्याच्याच घरात मधल्या खोलीत टेबलावर झोपवला, पाय दाराकडे. लग्नातला काळा कोट घातला होता, तो पोटावर बंद होईना. हात छातीवर, डोळे मिटलेले, मिशा विंचरलेल्या. खरं सांगायचं तर मी दारातून बघितलं आणि माझा हात आपोआप क्रॉस करायला गेला. इतका तो व्यवस्थित मेलेला दिसत होता.

आम्ही सात बायका काळे रुमाल बांधून भोवती बसलो. दनाईनं तीन माइक लावले, फ्रीज घुरघुरतो म्हणून त्याचा प्लग काढला, घड्याळ बाहेर नेऊन ठेवलं. फीवोस भिंतीपाशी उभा राहिला, आणि त्याच्या बरोबर समोर स्तामाता बसली.

स्तामाता जन्मापासून ऐकू न येणारी, वय सत्तर. लहानपणी ती अथेन्सच्या शाळेत हातांची भाषा शिकली आणि गावात परत आल्यावर ती भाषा बोलायला तिला कुणी मिळालंच नाही. फीवोस आल्यापासून दोघं रोज माझ्या दुकानात समोरासमोर बसून हातवारे करत होती, ती त्याला लालांगिया, कणकेच्या तळलेल्या वेटोळ्या, खायला घालत होती, आणि तिच्या पन्नास वर्षांच्या गप्पा अजून संपल्या नव्हत्या. प्रत्येक मयताला ती आमच्यात बसायची, आम्ही छाती पिटली की पिटायची, थांबलो की थांबायची.

मावशी आली. खोलीत शिरताना तिनं मामाकडे बघितलं नाही. त्याच्या उशाशी बसली, रुमाल सारखा केला, डोळे मिटले. आणि तिनं सुरू केलं, त्या जुन्या, जमिनीखालून आल्यासारख्या आवाजात.

"या गं बायांनो, बसा, जागा घ्या सावरून,
झानेतोस निघालाय लग्नाचा कोट घालून.
कोट तोच राहिला, पोट गेले पुढे गं,
तीन बटणे तुटली, एक तेवढे अडे गं."

आम्ही मागून ओढलं. मामाच्या मिशा हलल्या. दनाईनं माझ्याकडे घाबरून बघितलं, मी मान हलवली, की असंच असतं.

"काय केले जन्मभर? पत्ते पिसत बसला,
हरला तेव्हा रुसला गं, चोरून जिंकता हसला."

"खरं आहे," अंगणातून लियासचा आवाज आला. "अगदी खरं आहे."

तेवढ्यात खोलीत कुणीतरी मोठ्यानं हसलं. स्तामाता होती. फीवोसच्या हातांकडे बघत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. मावशी पाण्याचा घोट घ्यायला थांबली होती, तेवढ्यात स्तामातानं भराभर हात हलवले. फीवोसनं आमच्याकडे बघितलं, सांगू का नको अशा चेहऱ्यानं.

"त्या म्हणतायत," तो म्हणाला, "की साठ वर्षं मला वाटत होतं, तुम्ही इथं बसून रडता. तुम्ही तर चुगल्या करता. मला कुणी सांगितलं का नाही?"

"तिला सांग, दोन्ही एकदमच चालतं," मावशी म्हणाली. "आणि आता बघत राहा म्हणावं."

मग तिनं मामाला सोडला नाही. त्यानं पाद्रीबाबांच्या खेचराला कसं रंगवून विकलं, बायको आजारी असताना स्वयंपाक करायला गेला आणि चूल सोडून स्वयंपाकघराचं छप्पर कसं पेटवलं, मुलाचं पत्र आलं की वाचता येत असून चष्मा नाही म्हणून माझ्याकडून तीनदा कसं वाचून घ्यायचा. प्रत्येक कडव्याला अंगणात कुणीतरी हसत होतं. मामाचे कान लाल झाले होते. पायाचा अंगठा बुटाच्या आत वर-खाली होताना मला दिसत होता. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, पण हे कोंबडं मेलेलं नव्हतं, आणि त्याला एक शब्दही काढायची मुभा नव्हती. मी मनात सारखी म्हणत होते, मामा, गप्प राहा, अजून थोडंच, गप्प राहा.

मग मावशीचा सूर खाली आला. मला तो सूर ओळखू आला. मी बारा वर्षांची असताना ऐकलेला.

"बापाने याला दिले ऑलिव्हांचे रान गं,
बुरूज दिला, विहीर दिली, वर सारा मान गं.
लेकींना काय दिले? मातीची एक घागर,
पाणी याच्या विहिरीचे, वर याचा उपकार."

आम्ही मागून ओढायचं विसरलो. जी कडवी तिनं त्या दिवशी गायली, तीच होती, शब्दाला शब्द. याच्या पुढं त्या दिवशी काही नव्हतं. याच्यापुढं मामाचा हात होता.

आणि मामाचा उजवा हात छातीवरून उठला.

डोळे मिटलेलेच होते. हात हवेत वर आला, मावशीच्या दिशेनं. फीवोसचे हात जागीच थांबले. मावशी त्या हाताकडे बघत होती आणि जागची हलली नाही. मग तो हात मागं वळला, आणि मामानं तो स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरला.

तसाच तो पडून राहिला. मला रडू आलं. यंत्रात ते मुद्रित झालंय, माझं हुंदका देणं, सूर सोडून. मावशीनं मोठा श्वास घेतला आणि जे सेहेचाळीस वर्षं कुणी ऐकलं नव्हतं ते गायली.

"बाप काही वाईट नव्हता, रीतच तशी होती गं,
थंडीत उठून लेकींच्या अंगावर शाल ओढी गं.
हेच पुढे म्हणायचे होते, तोवर तोंड झाकले,
बापाचे ते भलेपण माझ्या घशात राहिले."

मामाच्या मिटल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी निघून कानात जात होतं आणि त्याला ते पुसता येत नव्हतं. दनाई रडत होती आणि एका हातानं माइक सरळ धरत होती. स्तामाता आता हसत नव्हती.

मला वाटलं, संपलं. पण मावशीनं मामाच्या चेहऱ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं आणि पुढं गायली, हळू.

"भूकंप झाला त्या साली भिंत माझी वाकली,
सकाळी दार उघडले, तुळई कुणी लावली?
तुळई मी ओळखली गं, बापाच्याच हातची,
गोठा कुणाचा उघडा? तुळई त्याच छपराची."

मामाच्या गोठ्याला छप्पर नाही. वीज पडली असं तो सगळ्यांना सांगतो. मीही तेच धरून चालले होते, जवळजवळ चाळीस वर्षं. आमच्याकडे भूकंपाच्या साली वीज पडल्याचं दुसऱ्या कुणालाच आठवत नाही, हे तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं.

"खिडकीत उभी होते मी, सगळे काही पाहिले,
घाम तुझा पाहिला रे, आणि मनात म्हटले—"

इथं ती थांबली.

आम्ही वाट बघत होतो. तिनं रुमाल सोडला, घडी केली, मांडीवर ठेवला. फीवोसचे हात हवेत उचललेले तसेच राहिले. दनाईनं मला खूण केली, पुढं? मला काय माहीत. मावशी गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागली.

टेबल करकरलं. मामा उठून बसला. कोटाचं राहिलेलं बटणही उडालं.

"काय म्हटलंस?" तो म्हणाला.

तो माझ्याकडे बघत नव्हता. तिच्याकडे बघत होता. मी सवयीनं तोंड उघडलं, तिला विचारायला, आणि मावशीनं हातानं मला गप्प केलं.

"पुढचं तू मेल्यावर," ती त्याला म्हणाली.

सेहेचाळीस वर्षांचा अबोला आणि त्याच्या मढ्यावर न गाण्याची शपथ तिनं एका वाक्यात एवढ्या सहज मोडली की कुणाला आधी कळलंच नाही. मला कळलं, आणि मामालाही कळलं, कारण त्यानं आता कुठं बाहीनं डोळे पुसले. पण तोही तिचाच भाऊ.

"मेल्यावर मला ऐकू येणार आहे का?" तो म्हणाला.

"लोकांना येईल. ते लोकांसाठीच असतं."

"आजी," दनाई मधे म्हणाली, "नुसती शेवटची दोन कडवी. संस्थेला पूर्ण विलाप हवाय, अर्धाच गेला तर..."

"अर्धाच ठेव," मावशी म्हणाली. "सगळ्या जगाला सांग, राहिलेला ऐकायचा असेल तर थांबायला लागेल. मी पुरा करणार नाही. त्याला चाळीस दिवसांत घालवून मी भांडू कुणाशी?"

"म्हणजे मला कळणारच नाही," मामा म्हणाला. "जगाला कळणार, त्या स्तामाताला कळणार, लियासला कळणार, आणि मलाच नाही. एक ओळ राहिली आहे, गारुफालिया. एक ओळ सांगायला काय जातं?"

मावशी दारापाशी पोचली होती. तिथं ती वळली.

"आधी मर, मग सांगते," ती म्हणाली. आणि मग, शालीचं टोक खांद्यावर घेता घेता, "घाई नाही."